जत्रेत बरा, कामावर आजारी: गॅरेजमधल्या पेंटरचा खोकला

कोल्हापूरकडच्या एका गॅरेजमालकांनी विचारलं आहे: "माझ्या गॅरेजात ७ माणसं आहेत. डेंटिंग-पेंटिंगपासून इंजिनापर्यंत सगळी कामं होतात. पेंटर २७ वर्षांचा, ८ वर्षं रंगाची स्प्रे गन चालवतोय. गेले चार-पाच महिने रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन उठतो, छाती आवळल्यासारखी होते. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी सांगून गोळ्या दिल्या. जत्रेला गावी दहा दिवस गेला तर खडखडीत बरा. परत आला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. थिनरमुळे होतंय का? चांगला मास्क आणून दिला तर भागेल का? आणि बाकीच्या सहा जणांना काहीच नाही, मग दोष कामाचा कसा म्हणायचा?"

तुम्ही जत्रेची गोष्ट लिहिलीत हे फार बरं केलंत. त्या एका वाक्यानं अर्धं काम झालं. मी औद्योगिक आरोग्याची डॉक्टर आहे. कारखान्यांच्या दवाखान्यांत आणि बाहेरच्या लहान वर्कशॉपांत मिळून २३ वर्षं कामगार तपासते आहे. माणूस समोर नसताना निदान करू नये हे मला कळतं. तरीही पेंटरला असा सुटीत पळणारा खोकला असेल, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो कामामुळे झालेला दमाच धरून चालायचं, हा माझा नेम आहे. आणि माझा संशय थिनरवर नाही, हार्डनरवर आहे.

पूर्वीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला जुने मिस्त्री अजूनही ड्युको म्हणतात, थिनर उडून गेला की वाळायचा. आताचा टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा रंग, किंवा रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, तसा वाळत नाही. त्यात हार्डनर घातला की दोन्हींची रासायनिक क्रिया होते आणि तो काचेसारखा कडक होतो. ती क्रिया घडवणारा पदार्थ म्हणजे आयसोसायनेट. हार्डनरच्या डब्यावर बारीक अक्षरांत हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट, एचडीआय किंवा पॉलिआयसोसायनेट असं काहीतरी छापलेलं असतं. आजच डबा उचलून वाचा. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये गळला तो मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. दोन्ही सारखेच, असं मात्र समजू नका. तो पटकन वाफ होणारा होता, हार्डनरमधला प्रकार जड असतो आणि डब्यात पडून असताना फारसा उडत नाही. पण तुम्ही गनमधून हवेच्या दाबानं त्याचं बारीक धुकं करता, आणि ते धुकं सरळ श्वासनळीत जातं.

आता बाकीच्या सहा जणांचं. हा दमा ॲलर्जीच्या जातीचा आहे. मधमाशी चावली तर बहुतेकांना नुसती सूज येते आणि एखाद्याचा जीव धोक्यात येतो, तसंच हे. आयसोसायनेटला शरीर कधी बिथरेल याला वेळापत्रक नाही. काहींना काही महिन्यांत होतं, काहींना कित्येक वर्षं बिनतक्रार काम केल्यावर. म्हणून "आठ वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं" हा युक्तिवाद इथे चालत नाही. एकदा शरीर बिथरलं की पुढे अगदी थोडं धुकंही पुरतं. दुसऱ्या कोपऱ्यात कोणी क्लिअर मारत असेल तरी याची छाती आवळेल. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या हिशेबानं, गाड्या रंगवणाऱ्यांना कामामुळे दमा होण्याचं प्रमाण तिथल्या सरासरी कामगाराच्या सुमारे ८० पट आहे. हे अशा देशातलं, जिथे बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, हवा पुरवणारा मास्क लावून रंगकाम करण्याची सक्ती आहे.

खोकला रात्री का येतो, हेही सांगते, कारण इथेच बहुतेक डॉक्टर आणि रुग्ण दोघंही फसतात. आयसोसायनेटची प्रतिक्रिया पुष्कळदा उशिरा उठते, श्वासात गेल्यावर चार ते आठ तासांनी. संध्याकाळी सहाला शेवटची गाडी मारली, नऊला जेवला, तोवर ठणठणीत; मध्यरात्रीनंतर उबळ. मग घरातल्या पंख्यावर, उशीवर, आईनं केलेल्या फोडणीवर संशय जातो. केसपेपरवर "धंदा" असा रकाना असतो आणि त्यात नुसतं "नोकरी" लिहिलेलं असतं. कामावर नेमकं काय करतोस, हे कोणी विचारतच नाही.

निदान पक्कं करायला महागडी तपासणी लागत नाही. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. तिच्यात जोरात फुंकायचं आणि काटा कुठे गेला ते वहीत लिहायचं. उठल्यावर, दुपारी, काम संपल्यावर आणि झोपताना, असं दिवसातून चार वेळा. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा. शेजारी लिहायचं: आज काम की सुटी, टू-के मारला का, किती वाजता. चार आठवडे लिहा आणि त्यात निदान एक सलग आठवडा सुटीचा ठेवा. कामाच्या दिवशी आकडा घसरतो आणि सुटीत चढतो, चढउतार २० टक्क्यांहून जास्त आहे, असं दिसलं तर ती वही कुठल्याही एक्स-रेपेक्षा जास्त बोलते. छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा स्वच्छच येतो, आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणीसुद्धा चांगल्या दिवशी केली तर नॉर्मल येऊ शकते. ही वही आणि हार्डनरच्या डब्याचा फोटो घेऊन छातीच्या तज्ज्ञांकडे जा. मात्र त्याला आताच धाप लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

मास्कचा प्रश्न तुम्ही विचारलात, तो मला हजारदा विचारला गेला असेल. रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. कोविडनंतर सगळ्यांकडे आलेला एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. कोळशाच्या डब्या असलेला रबरी मास्क थिनरसाठी चांगला, पण हार्डनरसाठी त्यात मोठी खोट आहे. डबी भरत आली की थिनरचा वास यायला लागतो आणि पेंटरला कळतं. आयसोसायनेटला त्रासदायक पातळीलाही ओळखू येईल असा वास नसतो. डबी संपली तरी नाक गप्प. शिवाय दाढी असली की कडेनं हवा शिरते. म्हणून टू-के फवारताना खात्रीचा एकच प्रकार, कॉम्प्रेसरवरून स्वच्छ हवा पुरवणारा. त्यालाही हवेचा कॉम्प्रेसर चांगला लागतो: हवा ओढणारं तोंड बाहेर मोकळ्यात, जनरेटरच्या धुराजवळ किंवा गाडीच्या सायलेन्सरजवळ नको, आणि श्वासाच्या हवेचा वेगळा फिल्टर. गनची पाइप तोडून तीच हवा तोंडावर घेतली, असं करू नका. त्यात तेलाचा अंश असतो, आणि कॉम्प्रेसर तापला तर कार्बन मोनॉक्साइडही.

एक सवय मी जवळजवळ प्रत्येक पेंटरमध्ये पाहिली आहे. क्लिअरचा हात मारून झाला की तो मास्क वर करतो आणि वाकून फिनिश बघतो. रंग ओघळला का, संत्र्याच्या सालीसारखा झाला का, हे त्याला लगेच बघायचं असतं. नेमकं त्याच क्षणी धुकं त्याच्या तोंडाभोवती असतं, फक्त दिसत नाही. बघायचं असेल तर असं करा: गन बंद झाल्यावर शेडमधले दिवे मालवा आणि एक झगझगीत बॅटरी आडवी धरा. प्रकाशाच्या झोतात तरंगणारं धुकं सगळ्यांना दिसेल. ते किती मिनिटांनी नाहीसं होतं ते घड्याळ लावून मोजा. मी एका वर्कशॉपमध्ये हे दाखवलं तेव्हा मागच्या बाकावर चहा पिणारी पोरं कप घेऊन आपणहून बाहेर गेली. धुकं जाईपर्यंत मास्क उतरायचा नाही आणि इतर कोणी आत यायचं नाही.

शेडचं सांगायचं तर ताडपत्री लावून एक कोपरा बंद करणं आणि भिंतीत पंखा बसवणं हे अर्धवट काम आहे, आणि ते धोक्याचंही आहे. साध्या एक्झॉस्ट पंख्याच्या मोटरची ठिणगी थिनरच्या वाफेला पुरते. पंखा स्फोटरोधक मोटरचाच हवा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर ७ माणसांच्या गॅरेजनं टू-के रंगकाम स्वतः करूच नये. डेंटिंग, पुट्टी, प्रायमरचं घासकाम तुमच्याकडे करा आणि शेवटचा हात ज्याच्याकडे नीट बूथ आहे त्याच्याकडे मारून घ्या. चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक बूथ उभारला तर उत्तमच. पाण्यावरचे रंग आले म्हणून हा प्रश्न सुटला, असं सांगणारा विक्रेता भेटेल. बेसकोट पाण्याचा असला तरी त्यावरचं क्लिअर बहुतेक ठिकाणी हार्डनरचंच असतं.

हार्डनर कातडीलाही लागू देऊ नका. कातडीतूनही शरीर बिथरू शकतं, असं आता मानलं जातं. मिसळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. पातळ पारदर्शक डिस्पोजेबल मोजे थिनरपुढे टिकत नाहीत. उरलेल्या हार्डनरच्या डब्यात पाणी गेलं तर आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि घट्ट झाकण लावलेला डबा फुगून फुटतो. साफ करायला म्हणून त्यात पाणी ओतून झाकण लावणारे मी पाहिले आहेत.

इथवर पेंटरचं झालं. पण "बाकीच्या सहा जणांना काहीच नाही" हे तुमचं वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ते खरं असण्याची शक्यता कमी आहे. त्यांचं दुखणं आवाज करत नाही, इतकंच.

त्यांचे हात बघा. संध्याकाळी काळं ऑइल काढायला कोणी थिनरनं हात धुतं, कोणी पेट्रोलनं, कोणी रॉकेलनं. कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, भेगा पडतात, त्या भेगांतून उरलेलं सगळं आत जातं. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. आपल्याकडे त्याची मर्यादा आता १ टक्का आहे, तरीही बेंझीन म्हणजे रक्ताचा कर्करोग करणारा सिद्ध पदार्थ, आणि तो हाताला चोळायची वस्तू नाही. जळक्या ऑइलचंही तसंच. गाडी जितकी जास्त पळलेली, तितकी त्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण होणारी संयुगं साठलेली. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकानं धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचं नातं काजळीशी जोडलं होतं. पुढे लँकेशायरच्या सूतगिरण्यांत तेलानं भिजलेले कपडे अंगावर वागवणाऱ्या कामगारांत तोच कर्करोग सापडला. तेव्हा तुमच्या हेल्परच्या पँटच्या मागच्या खिशात खोचलेलं तेलकट फडकं बघितलं की मला ते आठवतं. फडकं खिशात नको, हुकावर. हात धुवायला भांड्याचा साबण आणि लाकडाचा बारीक भुसा पुरतो, नंतर खोबरेल तेल लावायचं. आणि ते जळकं ऑइल सेंट्रिंगवाल्याला किंवा वाळवीसाठी शेतकऱ्याला देऊ नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे.

ब्रेकचं काम करणाऱ्याकडे लक्ष द्या. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरनं हवा मारायची, हा आपल्याकडचा रिवाज. भारतात क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर अजून बंदी नाही. स्वस्त लायनर किंवा जुनी क्लचप्लेट ॲस्बेस्टॉसची आहे की नाही हे नुसतं बघून ओळखता येत नाही. हवा मारली की तो तंतू सगळ्या गॅरेजभर, चहाच्या कपातसुद्धा. त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो, तेव्हा माणूस तुमच्याकडे कामाला असेलच असं नाही. हवा बंद करा. साबणाचं पाणी हलक्या हातानं फवारून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. पेंटर पाणी पेपरनं ओलं घासतो, तेव्हा धूळ उडत नाही. हेच शहाणपण ब्रेकला लावायचं आहे.

स्प्रेच्या डब्यातला ब्रेक क्लीनर वापरत असाल तर त्यावरचंही छापील वाचा. १९९९-२००० च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या, बधिरपणा आणि अशक्तपणा येऊ लागला. कारण निघालं ब्रेक क्लीनरमधलं एन-हेक्झेन. नसांवर परिणाम करणारा हा पदार्थ, आणि सोबत ॲसिटोन असेल तर त्याचा घात वाढतो. क्लोरीनयुक्त क्लीनर असेल तर धोका वेगळा. तो ओला असताना जवळ वेल्डिंग केलं तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय वेल्डिंग नको.

पाइपनं पेट्रोल तोंडानं ओढणं आजपासून बंद करा. हे मी हात जोडून सांगते. घोटभर पेट्रोल पोटात गेलं तर बहुधा माणूस वाचतो, पण ठसका लागून चमचाभर फुप्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. माझ्यासमोर असा एक १९ वर्षांचा मुलगा आला होता. घरच्यांनी मिठाचं पाणी पाजून उलटी करवली होती, आणि त्या उलटीतच आणखी पेट्रोल छातीत उतरलं. बरा झाला, पण दहा-बारा दिवस ऑक्सिजनवर होता. कधीही उलटी करवू नये, दवाखाना गाठावा. हातपंप अगदी स्वस्त मिळतो. त्याचबरोबर कूलंट, थिनर, बॅटरीचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं.

बॅटरीच्या प्लेटा किंवा जुन्या पितळी रेडिएटरचं सोल्डर करणारा कोणी तुमच्याकडे असेल तर त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. पोटात कळा, बद्धकोष्ठ, चिडचिड, फिकटपणा, असं त्याचं रूप असतं आणि ते ॲपेंडिक्ससारखंही भासतं. शिसं कपड्यावरून घरी जातं आणि लहान मुलाला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. म्हणून कामाचे कपडे गॅरेजातच बदलावेत. पावसाळ्यात शटर ओढून आत इंजिन चालू ठेवणं हा तर सरळ जीव घेणारा प्रकार आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, नुसतं डोकं दुखतं आणि माणूस आडवा होतो.

आणखी एक, गुळाबद्दल. बऱ्याच कारखान्यांत धुळीच्या खात्यातल्या लोकांना गूळ आणि दूध देतात. गूळ खाऊन छातीतली धूळ निघते हा समज मी तोडू शकले नाही, पण तो खरा नाही. घास पोटात जातो, धूळ फुप्फुसात असते. गूळ जरूर द्या, खाऊ म्हणून. त्याआधी साबणानं हात धुवायला लावा, आणि डबे कामाच्या जागेपासून लांब ठेवायला एक फळी ठोका. रात्री दारू पिऊन थिनरचा त्रास उतरतो, असंही ऐकू येतं. उलट आहे: दोन्ही यकृतालाच मोडायची असतात, आणि दारू पोटात असेल तर थिनरमधला झायलीनसारखा सॉल्व्हंट शरीरात जास्त वेळ रेंगाळतो.

कायद्याचं थोडक्यात. ७ माणसांचं गॅरेज कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही आणि १० हून कमी असल्यानं ईएसआय (कामगार राज्य विमा) योजनाही लागत नाही, म्हणजे तपासणीला कोणी येणार नाही. पण १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कामामुळे होणारा दमा आहे, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आली आहे. म्हणून केसपेपरवर "स्प्रे पेंटर, आयसोसायनेट हार्डनर" असं स्पष्ट लिहून घ्या. हे त्याच्याही हिताचं आहे आणि तुमच्याही.

आता त्या पोराचं. दमा पक्का ठरला तर त्याला टू-केपासून पूर्ण बाजूला काढावं लागेल, आणि लवकर. लक्षणं सुरू झाल्यापासून जितक्या लवकर माणूस बाहेर पडतो तितकी पूर्ण बरं होण्याची आशा जास्त. इन्हेलर घेत घेत तेच काम चालू ठेवलं तर दमा कायमचा होतो, आणि बिथरलेल्या पेंटरला फवारताना जीवघेणा झटका आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्याच्या जागी दुसरा मुलगा त्याच ताडपत्रीमागे उभा करणं हा तर उपाय नव्हेच.

त्याला काढून टाकू नका. आठ वर्षांच्या पेंटरला रंगाची नजर असते, गिऱ्हाइकाशी बोलता येतं. डेंटिंग, फिटिंग, एस्टिमेट, बाहेरच्या बूथवर गाडी नेऊन आणणं आणि काम तपासून घेणं, हे सगळं तो करू शकतो. मात्र गाडी आणायला तो धुकं निवल्यावरच आत जाईल असं ठरवा. पगार आहे तोच ठेवा. पगार कमी केलात तर तो त्रास लपवेल, वहीत खोटे आकडे लिहील आणि दुसऱ्या गॅरेजात जाऊन गन धरेल. दोन महिन्यांनी बरं वाटायला लागलं की तो तुमच्याकडे येऊन म्हणेल, "शेठ, आता काही होत नाही, एक बोनेट मारू का?" त्या दिवशी गर्दी असेल, गिऱ्हाईक दारात उभं असेल, तरीही नाही म्हणा.